दार आहे, पण वाट आहे का?

बालमित्रांनो,

आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एक वाक्य असं आहे, की ते तुम्ही सगळ्यांनी वाचलेलं आहे. पहिलीतल्या मुलाने अक्षराला अक्षर जुळवून वाचलंय, आजोबांनी चष्मा पुसून वाचलंय. मामाच्या गावाला जाताना वाचलंय, जत्रेहून परत येताना वाचलंय. पण त्या वाक्याचा उपयोग मात्र बहुतेकांनी एकदाही केलेला नाही. ओळखा पाहू!

नाही सुचत? मग पुढच्या वेळी एसटीत बसलात की जरा मान वळवा. 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.' आलं ना लक्षात?

माझ्या चौथीच्या वर्गात हे कोडं घातलं, तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण पटकन म्हणाला, "बाई, आम्ही आजीकडून येताना त्याच दारापाशी तांदळाचं पोतं ठेवलं होतं!" सगळा वर्ग हसला. खरं सांगते, मीही हसले. आता मात्र त्या पोत्याचं हसू येत नाही. का, ते सांगते.

त्या दिवशी मी मुलांना एक सोपा गृहपाठ दिला होता. 'तुमच्या घरातली मोठी माणसं जिथे काम करतात, तिथे बाहेर पडायची दारं किती आहेत, ते विचारून या.' दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. कुणाचे बाबा बँकेत, कुणाचे गॅरेजमध्ये, कुणाची आई दवाखान्यात. 'तीन दारं', 'एकच शटर', 'बाबा म्हणाले, मोजली नाहीत', अशी उत्तरं होती. एका मुलीने लिहिलं होतं:

'माझी आई शिलाईच्या कारखान्यात जाते. कारखाना वरच्या मजल्यावर आहे. तिथे दोन दारं आहेत. एक उघडं असतं. दुसऱ्याला कुलूप असतं. त्याची किल्ली सुपरवायझर काकांच्या खिशात असते. काका दुपारी जेवायला घरी जातात.'

मी काय केलं असेल? लाल शाईने 'निरीक्षण छान!' असा शेरा मारला, सही केली आणि पुढची वही ओढली. शेवटची दोन वाक्यं मी वाचली, पण ती माझ्या डोक्यात शिरलीच नाहीत. ती शिरली रात्री, अंथरुणावर पडल्यावर. किल्ली काकांच्या खिशात. काका दुपारी घरी. आणि वरच्या मजल्यावर शिलाई मशीनवर वाकलेल्या त्या पंधरा-वीस बायका!

मला एकदम एक जुनी, खरी घडलेली हकिगत आठवली. ती आपल्या देशातली नाही. पण ऐका, म्हणजे मला झोप का लागली नाही ते तुम्हाला कळेल.

शनिवारची संध्याकाळ

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात ॲश बिल्डिंग नावाची दहा मजली इमारत होती. तिच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर 'ट्रँगल' नावाचा कारखाना होता. तिथे बायकांचे ब्लाऊज शिवले जात. सुमारे पाचशे माणसं काम करत होती. त्यात बहुतेक तरुण मुली. काही तर चौदा-पंधरा वर्षांच्या, म्हणजे तुमच्या आठवी-नववीतल्या ताईएवढ्या! इटलीतून, रशियातून आईवडिलांबरोबर बोटीने आलेल्या. इंग्रजी पुरतं न येणाऱ्या.

तारीख होती २५ मार्च १९११. शनिवार. कामाची वेळ संपत आली होती. पावणेपाचच्या सुमाराला आठव्या मजल्यावर, कापड बेतायच्या टेबलाखाली साठलेल्या कात्रणांच्या पेटीत ठिणगी पडली. शिंप्याच्या दुकानातली कात्रणं तुम्ही पाहिली आहेत ना? हलकी, कोरडी, मोकळी. गवताच्या गंजीसारखा भडका उडाला. बादल्यांनी पाणी ओतलं, पण आग हाती लागेना.

आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्यावरच्या ऑफिसला टेलिफोन गेला. तिथले जवळपास सगळे लोक गच्चीवर पोचले. शेजारीच विद्यापीठाची उंच इमारत होती. तिथल्या विद्यार्थ्यांनी शिड्या सोडल्या आणि त्यांना वर ओढून घेतलं. मालकही तसेच वाचले.

आठव्या मजल्यावर एका जिन्याच्या दारापाशी मुलींची झुंबड उडाली. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं. ते उघडायचं तर आधी दारातल्यांनी मागे सरायला हवं. पण मागून रेटा! शेवटी एका मेकॅनिकने मुलींना बाजूला ढकललं आणि दार ओढून उघडलं. म्हणून त्या खाली उतरू शकल्या.

आणि नववा मजला? तिथे सुमारे अडीचशे जण होते. त्यांना कुणीच कळवलं नाही. कळवायला घंटा नव्हती. खालून धूर आणि ज्वाळा आल्या, तेव्हाच त्यांना समजलं.

नवव्या मजल्यावरून खाली यायला दोन जिने होते, दोन लिफ्ट होत्या, आणि इमारतीच्या मागे एक लोखंडी जिना होता. कागदावर मोजलं तर वाटा भरपूर! पण एका जिन्याकडे ज्वाळा आल्या. दुसऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप होतं. मागचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने वाकला आणि तुटला. लिफ्ट चालवणाऱ्या दोघांनी मात्र कमाल केली. धुरातून ते पुन्हा पुन्हा वर गेले आणि जमेल तेवढ्यांना खाली घेऊन आले. शेवटी लिफ्टही थांबल्या.

अग्निशमन दल झटपट आलं. बंबाची शिडी वर चढवली. ती पोचली सहाव्या मजल्यापर्यंत.

पुढचं मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं होतं आणि १४६ माणसं गेली होती. त्यातल्या १२३ बायका आणि मुली होत्या. इमारत मात्र पक्क्या बांधणीची होती. ती जळून पडली नाही. आजही ती तिथे उभी आहे, आणि विद्यापीठाचे वर्ग तिच्यात भरतात.

कुलूप कशासाठी?

वर्गात ही हकिगत सांगितली, तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. "बाई, पण दाराला कुलूप का लावलं होतं?"

उत्तर ऐकून मुलांचा विश्वासच बसेना. घरी जाताना मुलींनी एकाच दाराने जावं, तिथे त्यांच्या पिशव्या तपासता याव्यात, कुणी कापडाचा तुकडा किंवा ब्लाऊज लपवून नेऊ नये, यासाठी! कामाच्या वेळात दाराला कुलूप लावू नये, असं त्या वेळच्या कायद्यातही होतं, बरं का. पण कायदा कागदावर होता आणि कुलूप दारावर होतं.

मालकांवर खटला झाला. डिसेंबर १९११ मध्ये ते निर्दोष सुटले. दाराला त्या वेळी कुलूप आहे हे मालकांना ठाऊक होतं, असं न्यायालयात सिद्ध होऊ शकलं नाही. एक मुलगी रागाने म्हणाली, "मग काय उपयोग?"

उपयोग झाला. सांगते कसा. त्या दिवशी जवळच एका घरी चहाला आलेली तीस वर्षांची एक बाई आरडाओरडा ऐकून धावत आली होती. तिचं नाव फ्रान्सिस पर्किन्स. तिने ती आग डोळ्यांनी पाहिली आणि ती कधीच विसरली नाही. पुढे सरकारने कारखान्यांची तपासणी करणारी समिती नेमली, त्या कामात ती होती. समितीची माणसं कारखान्या-कारखान्यांत गेली. दारं, जिने, खिडक्या बघितल्या. त्यातून नवे कायदे झाले. कामाच्या वेळात दारं कुलूपबंद नकोत, आग लागल्यास बाहेर कसं पडायचं याचा कामगारांकडून सराव करून घ्यावा, उंच कारखान्यांत छतातून पाणी शिंपडणारी यंत्रणा हवी. १९३३ साली हीच फ्रान्सिस पर्किन्स अमेरिकेची कामगारमंत्री झाली. त्या देशाच्या मंत्रिमंडळातली ती पहिली स्त्री.

आपल्याकडे १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला. त्यातही हेच लिहिलं गेलं. आत माणसं असताना दार असं बंद नको, की आतून चटकन उघडता येणार नाही. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की संकटकाळच्या वाटेवरची पाटी तिथल्या बहुतेक कामगारांना समजेल अशा भाषेत, ठसठशीत लाल अक्षरांत किंवा सहज कळेल अशा खुणेने दाखवावी! आपल्या एसटीतल्या त्या मराठी वाक्याचं महत्त्व आता कळलं ना?

हिरवा पळणारा माणूस

अक्षरं न वाचता कळणारी खूणही तुम्ही पाहिली आहे. मॉलमध्ये, थिएटरात, मोठ्या दवाखान्यात दारावर हिरवी पाटी असते आणि तिच्यात एक माणूस दारातून पळत असतो. हा पळणारा माणूस जपानचा. तिथे १९७० च्या दशकात एका दुकानाच्या इमारतीला मोठी आग लागली आणि शंभरावर माणसं गेली. त्यानंतर बाहेर पडायच्या वाटेसाठी चांगलं चिन्ह सुचवा, अशी स्पर्धा घेतली गेली. युकिओ ओता या चित्रकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आजचं चिन्ह घडवलं. नंतर ते जगभर गेलं. मराठी येवो, तमिळ येवो, की काहीच वाचता न येवो, त्या माणसामागे गेलं की दार सापडतं.

पण मुलांनो, पाटी दार दाखवते. दार उघडं ठेवणं हे आपलं काम आहे.

पुन्हा त्या वहीकडे

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलीच्या आईला बोलावलं. त्या कामावरूनच आल्या होत्या, केसांत सुताचे तंतू अडकलेले. मी किल्लीचा विषय काढला. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, ते आम्हाला पण दिसतंय की. पण मी एकटीने विचारलं, तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. हिची फी, घरभाडं, सगळं त्यावरच आहे."

काय बोलणार? मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. 'विचारा हो, घाबरता काय?' असं म्हणणं मला फार सोपं होतं. म्हणून मी तसं म्हटलं नाही. ट्रँगलची हकिगत तेवढी त्यांना सांगितली. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "त्या पोरींच्या पिशव्या पण तपासायचे?"

मग पंधरा दिवसांनी मुलीकडून पुढचं कळलं. आई एकटी गेली नव्हती. अकरा जणी मिळून गेल्या होत्या. आणि त्यांनी भांडण केलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "शेठ, आमच्या पिशव्या पुढच्या दाराशी रोज तपासा, आमची ना नाही. पण मागच्या दाराचं कुलूप काढा. आतून नुसती कडी ठेवा." शेठ आधी म्हणाले, "बघू." आठ दिवस काहीच नाही. मग एका सकाळी बायका कामावर गेल्या, तर कुलूप नव्हतं. कडी होती.

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट. नाही संपली. त्या दाराला टेकून अजूनही मालाचे गठ्ठे ठेवले जातात, कारण दुसरीकडे जागा नाही. आता रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी दोघी जणी ते गठ्ठे बाजूला ओढतात. त्यांनी आपसांत पाळ्या लावल्यात. संध्याकाळपर्यंत गठ्ठे परत येतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढतात.

हे ऐकल्यावर मला एक आठवण झाली आणि मी आमच्या शाळेतच एक फेरी मारली. कारण मुलांनो, शाळा ही तुमची अभ्यासाची जागा आणि आम्हा शिक्षकांची कामाची जागा. आणि काय दिसलं? मागच्या जिन्याच्या दारात मोडक्या बाकांचा ढीग! दोन वर्षं मी त्या ढिगावरून नजर फिरवत होते. त्यात माझ्याच वर्गातले तीन बाक होते. मुख्याध्यापकांना सांगितलं. शिपाईमामा, आम्ही तिघी-चौघी शिक्षिका आणि सातवीची मुलं, अशांनी मिळून अर्ध्या तासात जिना मोकळा केला. दुसऱ्याला कुलूप विचारायला निघालेल्या बाईंचा स्वतःचा जिना अडलेला होता!

हे पाठ करा, अगदी पाढ्यांसारखं

घंटा झाली किंवा 'आग' असा आवाज आला की:

१. हातातलं काम सोडा. दप्तर, डबा, चपला, मोबाइल, काही गोळा करत बसू नका.

२. पळू नका, ढकलू नका. रांगेत भरभर चाला. एक पडला की मागचे दहा अडतात.

३. धूर असेल तर ओणवे व्हा किंवा रांगत जा. गरम धूर वर जातो, त्यामुळे जमिनीलगत हवा जरा बरी असते. आगीपेक्षा धूरच आधी जीव घेतो, हे विसरू नका.

४. बंद दार उघडण्याआधी त्याला हाताची मागची बाजू लावून पाहा. दार गरम लागलं तर उघडू नका, दुसरी वाट धरा.

५. लिफ्टमध्ये शिरू नका. तुम्ही विचाराल, 'ट्रँगलमध्ये तर लिफ्टनेच वाचवलं!' बरोबर आहे, पण तिथे दुसरी वाटच उरली नव्हती, आणि त्या लिफ्टही शेवटी बंद पडल्या. वीज गेली की लिफ्ट मध्येच अडकते आणि धूर तिच्यात भरतो. म्हणून जिनाच धरायचा.

६. पलंगाखाली, कपाटात, बाथरूममध्ये लपू नका. लपलेलं मूल शोधणाऱ्याला दिसत नाही.

७. बाहेर पडताना शेवटच्याने दार नुसतं लोटून घ्यावं. कडी-कुलूप नाही. लोटलेलं दार आग आणि धूर थोडा वेळ अडवतं.

८. ठरलेल्या जागी जमा आणि मोजणी होईपर्यंत हलू नका. कुणी कमी असेल तर मोठ्यांना सांगा. आत परत जाऊ नका, अगदी लाडक्या मांजरासाठीसुद्धा नाही.

९. बाहेर आल्यावर फोन १०१ ला किंवा ११२ ला. आधी पत्ता सांगा, मग काय झालं ते.

या आठवड्याचा गृहपाठ

घरातल्या मोठ्या माणसाला, ते कामावरून येऊन चहा पिऊन झाल्यावर, पाच प्रश्न विचारा. तुमच्या कामाच्या जागी बाहेर पडायची दारं किती? त्यातलं कुठलं दार कुलूपबंद असतं का, आणि किल्ली कुठे असते? दारापुढे काही ठेवलेलं असतं का? बाहेर पडायचा सराव शेवटचा कधी झाला? आणि बाहेर पडल्यावर सगळ्यांनी जमायचं कुठे?

उत्तर 'माहीत नाही' आलं तरी रागावू नका. फक्त म्हणा, "मग उद्या बघून या ना!" बघा हं, हा गृहपाठ तुमचे आईबाबा नक्की करतात. आणि पालकांच्या कारखान्यात किंवा दुकानात जाऊन तुम्ही स्वतः काही बोलायचं नाही. ते काम मोठ्यांचं.

पालकांसाठी दोन शब्द

दरवर्षी १४ ते २० एप्रिल या दिवसांत अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर मोठे स्फोट झाले. ती आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांची आठवण म्हणून हा सप्ताह. आपल्यासाठी माणसं आत जातात. आपण निदान आपली बाहेर पडायची वाट मोकळी ठेवावी, एवढं तरी त्यांचं ऋण आहे.

तुम्ही मालक असाल, दुकानदार असाल, तर आज शटर ओढताना मागच्या दाराकडे एकदा नजर टाका. तुम्ही कामगार असाल आणि एकट्याने बोलायची भीती वाटत असेल, तर ती भीती खोटी नाही. चार जणांना सांगा. मिळून विचारा. आणि घरात रात्री दाराला आतून कुलूप घालत असाल, तर किल्ली कुठे असते ते घरातल्या प्रत्येकाला, अगदी धाकट्यालाही, ठाऊक असू द्या.

बरं तर, मुलांनो, पोतं ठेवणाऱ्या त्या माझ्या विद्यार्थ्याचं सांगायचं राहिलंच. परवा तो पुन्हा आजीकडे जाऊन आला. सोमवारी आल्या आल्या म्हणाला, "बाई, या वेळी पण तांदूळ होते. पण मी पोतं सीटखाली ढकललं. पाय ठेवायला जागा नव्हती, मांडी घालून बसलो!"

त्याच्या वहीत मी शेरा लिहिला. या वेळी मात्र आधी नीट वाचून.

पुढच्या आठवड्यात भेटू. गृहपाठाची उत्तरं पत्राने जरूर कळवा.

तुमच्या,
बाई